पहिली धार मातामायची

उमाटे घराण्यात तीन पिढ्यांत दारूच्या थेंबाला कोणी शिवलेलं नाही, असं रूपराव उमाटे प्रत्येक सभेत सांगत, आणि ते शब्दशः खरं होतं. थेंबाला शिवण्यात वेळ घालवणारं ते घराणंच नव्हतं. रूपरावांच्या मातोश्री अनुसयाबाई चाळीस वर्षं मोहाची काढत होत्या आणि त्यांच्याकडचं सगळ्यात लहान माप पावशेराचं होतं.

रूपराव पहिलीत असताना जिल्ह्यात दारूबंदी आली. ते दुसरीत गेले तेव्हा शेतात अनुसयाबाईंची भट्टी लागली. त्या भट्टीवर त्यांचं बी.ए.पर्यंतचं शिक्षण झालं, आणि शिक्षण झालं म्हणून ते गावच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष होऊ शकले. अध्यक्ष झाल्याबरोबर त्यांनी आईची भट्टी बंद केली. दुसरी कोणाची बंद करायला त्यांना पुढे सवड झाली नाही.

त्याला दहा वर्षं झाली होती. भट्टीचा हंडा आता लग्नसराईत पाणी तापवायला गावभर फिरत असे. आणि आता, रूपरावांची मुलगी अंकिता हिच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, बारा दिवस असताना, तो हंडा परत मागवायचा की नाही यावर घर अंगणालगतच्या छपरीत बसलं होतं.

बसलं होतं म्हणजे रूपराव एका टोकाला, त्यांचा धाकटा भाऊ गजेंद्र दुसऱ्या टोकाला, आणि मधोमध रूपरावांची बायको नलू तांदूळ निवडत. विहिरीवरच्या मोटारीच्या पाळ्यांवरून दोघा भावांचं बोलणं बंद झाल्याला दोन वर्षं होत आली होती. दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू येई. पण वाक्य नलूवरून गेल्याशिवाय ते पोचलं असं दोघंही मानत नसत.

"वहिनी, सांगा त्यायले," गजेंद्र म्हणाला. समुद्रपूरला त्याचं किराणा दुकान होतं, त्यामुळे पाहुण्यांचे फोन त्यालाच येत. "भैय्याजीचा फोन आलता. म्हणे मानपान नको, टॉवेल-टोपी नको, काहीच नको. फक्त पहिल्या धारेची एक शिशी पाहिजेन. म्हणे तुमच्या मायच्या हातची नावाजलेली हाय, कारंज्यापर्यंत नाव हाय."

भैय्याजी म्हणजे होणारा सासरा. कारंजा घाडग्याला हायवेवर त्यांचा धाबा होता.

"नलू, विचार त्याले," रूपराव म्हणाले. "आणखी काय बोलला तो?"

"काही नाई. म्या हो म्हटलं अन् ठेवला."

यात गजेंद्रचं काही चुकलं नव्हतं. दारूबंदीच्या जिल्ह्यात या विषयावर फोनवर दुसरा प्रश्न विचारण्याची पद्धत नाही. कोण, कशाला, किती, असं विचारणारा माणूस एकतर पोलीस असतो नाहीतर समितीचा अध्यक्ष.

"माझ्या घरी भट्टी लागणार नाही," अध्यक्ष म्हणाले. "नलू, सांग त्याले."

नलूने तांदळातला खडा उचलून अंगणात फेकला. "त्यायले काय सांगू? तुमालेच सांगतो. पोरगी एकतीसची झाली. बारा पोरं पाहून झाले. एकाले तिची नोकरी नको, एकाले तिचा चश्मा नको. हा रजत पह्यला, ज्यानं तिच्या लॅबमधलं काम अर्धा तास ऐकलं अन् जांभई नाई देल्ली. तुमच्या समितीले पोरगी नाई हाय, मले हाय."

रूपरावांनी भिंतीवरच्या समितीच्या प्रमाणपत्राकडे पाहिलं. मग म्हणाले, "घरी नाही. शेतात लावा. मी त्या दिवशी वर्ध्याला मीटिंगला जाईन."

प्रश्न सुटला असं नलूला वाटलं. गजेंद्रलाही वाटलं, त्याने बिडी काढली. तेवढ्यात आतून अनुसयाबाई आल्या. ऐंशीला टेकलेल्या, पण कमरेत सरळ. त्यांनी दोघा मुलांकडे पाहिलं.

"भट्टी लावतो म्या. पण पहिली धार नाई भेटणार. पहिली धार मातामायची. म्या चाळीस सालात कोणालेच नाई देल्ली. तुमच्या बापालेही नाई."

बांधावर निंबाखाली शेंदूर फासलेला एक दगड होता, ती मातामाय. प्रत्येक भट्टीची पहिली धार अनुसयाबाई तिच्यापुढे ओतत. आमच्या पूर्वजांची ही रीत मोठी विचाराची होती. माणसाने प्यायला जे जे योग्य नाही, ते ते त्यांनी निष्ठेने देवाला वाहिलं.

"माय, अव साऱ्या जिल्ह्यात पाहुण्याले पहिल्या धारेचीच देतेत," गजेंद्र म्हणाला. "तोच मान असते."

"देतेत थे देतेत. कोंबडी कापली तं पाहुण्याच्या ताटात मुंडकं वाढतं का तू? मुंडकं फेकाचं, पाय फेकाचे, मधलं खाऊ घालाचं. दारूचंही तसंच हाय."

"आजी बरोबर बोलून राह्यली," अंकिता म्हणाली.

आतापर्यंत ती खांबाला टेकून फोन पाहत होती. बुटीबोरीच्या एका रंगाच्या कारखान्यात ती तपासणी विभागात होती. रविवार म्हणून घरी आलेली. ज्या विषयात आपल्याला पदवी आहे तो विषय छपरीत निघेल, याची घरातल्या कोणत्याही मुलीने आशा सोडलेली असते. तिने फोन बाजूला ठेवला.

"काका, जे हलकं असते ते आधी उकळते, अन् आधी बाहेर येते. पहिल्या धारेत प्याचं कमी अन् रंग पुसाचं जास्त. आमच्याकडं त्याचे पिंप भरलेले असतेत. त्यावर कवटी काढलेली असते."

"मंग लोक काऊन म्हणतेत, पहिल्या धारेची, पहिल्या धारेची?"

"जोरात लागते म्हणून. बैलाची लाथही जोरातच लागते."

"आंधळा होते का माणूस?" नलूने विचारलं.

खरं सांगायचं तर आंधळं करणारं जे असतं ते थोडं थोडं सगळ्याच धारांत असतं, आणि मोहात मुळातच फार नसतं. पहिल्या धारेत त्याचे इतर नातेवाईक जास्त असतात, जे डोकं फोडतात आणि पोट जाळतात. पण घरच्या भांडणात बारकावे मांडून कोणी जिंकलेलं नाही. "होऊ शकते," अंकिता म्हणाली.

नलूचा हात ताटात थांबला. होणारा व्याही आंधळा झाला तर लग्न मोडेल का, आणि न मोडलं तर त्याचं करायचं कोणी, हे दोन्ही प्रश्न तिच्या मनात एकदमच आले.

"मी रजतलेच विचारतो," अंकिता फोन उचलत म्हणाली. "त्याच्या बाबाले किती चालते, कशी चालते."

नलूने तो फोन तिच्या हातातून काढून तांदळाच्या ताटात उपडा ठेवला. "साक्षगंधाच्या आधी नवरदेवाले सासऱ्याच्या पिण्याचं विचारतं? काही लाज? मोठ्यायची गोष्ट हाय, मोठे पाहून घेतीन."

मोठ्यांनी पाहून घेतलं. हंडा परत आला, आणि मोहफुलं त्याच संध्याकाळी भिजत पडली.

*

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी, सकाळी नऊलाच, बांधावर ऊन चटके देत होतं. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ करून अनुसयाबाईंनी हंडा चढवला होता. वर उलटं मडकं, सांधा चिकणमातीने लिंपलेला, त्यातून निघालेली नळी पाण्याच्या टाक्यातून फिरून पितळी गडव्यापर्यंत आलेली. दहा वर्षांत त्या काही विसरल्या नव्हत्या. नळी धरून ठेवायला लागणारा दगडसुद्धा त्यांनी न शोधता उचलला.

अंकिताने पर्समधून तापमापी काढली, मडक्याच्या मानेशी ओल्या मातीत खोचली आणि आकडा पाहत उकिडवी बसली.

"हे काय व?"

"ताप मोजतो, आजी."

"त्याले काय मलेरिया झाला?"

"आकडा स्थिर झाला की समजते, पह्यलं संपलं. मग मधलं सुरू."

"म्या नाकानं सांगतो तुले. पाटलाच्या सुनेच्या रंगवलेल्या नखावानी वास येते नं, थो गेला पाहिजेन. जाळ कमी कर पह्यले. घाई केली का सारं एकमेकात मिसळून येते, मंग तुह्यी कांडीही आंधळी अन् माह्यं नाकही."

अंकिताने दोन पऱ्हाट्या ओढून घेतल्या. हेच वाक्य तिला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजीतून शिकवलं होतं, आणि ते समजायला एक सत्र गेलं होतं.

गजेंद्र मोटरसायकलवर आला तो सरबताची रिकामी शिशी घेऊनच. नलू डबा घेऊन आली. आणि पाच मिनिटांनी, वर्ध्याला मीटिंगला गेलेले रूपराव पायीच बांधावरून येताना दिसले. मीटिंग रद्द झाली म्हणाले. कोणीही विचारलं नाही. त्यांनी निंबाखालची अशी जागा निवडली जिथून रस्ता दिसतो पण रस्त्यावरून माणूस दिसत नाही; लहानपणी त्यांना तिथंच पहाऱ्याला बसवत.

नळीला घाम आला. एक थेंब, मग दुसरा, मग गडव्यात बारीक धार लागली. वास असा आला की गजेंद्रने आदराने चप्पल काढली.

"आकडा चढून राह्यला," अंकिता म्हणाली. "आणखी थोडं."

"आणखी दोन घोट," अनुसयाबाई डोळे मिटून म्हणाल्या.

मग अंकिता "झालं" म्हणाली आणि अनुसयाबाई "काढ" म्हणाल्या. दोन्ही शब्द इतके एकदम आले की आजी-नातीने एकमेकींकडे जरा संशयाने पाहिलं. अंकिताने गडवा बाजूला सरकवून नळीखाली बादली लावली. गडव्यात अर्धा पावशेर होतं, निवळशंख.

गजेंद्रने शिशीचं बूच काढलं. "आणा इकडं."

"हात नको लावजो," अनुसयाबाई म्हणाल्या.

"माय, त्यानं मागतलं हाय! तोंडानं मागतलं! एकच गोष्ट मागतली, अन् ती आपण फेकून देतो? उद्या चाळीस माणसांत तो विचारन, कुठं हाय. मी काय सांगू? दगडाले पाजली?"

तो एकटाच पडला आहे असं वाटत असतानाच निंबाखालून आवाज आला.

"गजेंद्र, तू बरोबर म्हणतोस."

दोन वर्षांत थेट आलेलं हे पहिलं वाक्य होतं. नलूने सवयीने ते पुढे द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"हे पाहा," रूपराव पुढे येत म्हणाले, "जे करायचं नव्हतं ते आपण केलंच आहे. आता जे मागितलं ते द्यावं, झाकून द्यावं आणि विषय संपवावा. तो ते पिणार त्याच्या घरी. तिथं माझी समिती नाही."

"दादा, हेच मी म्हणून राह्यलो नं!"

"बाबा," अंकिता उभी राहिली, "तो माणूस उद्यापासून माह्या घरचा होईन. त्याच्या घरी म्हणजे माह्या घरी."

"एक शिशीनं काही होत नाही."

"मंग तुमी घ्या पह्यले. घ्या, एक घोट. मी आकडा लिहून ठेवतो."

अध्यक्षांनी गडव्याकडे पाहिलं आणि ते कडक झाले. तीन पिढ्यांत, वगैरे.

नलूला एकाच वेळी आनंद आणि भीती वाटत होती. भाऊ बोलायला लागले होते, आणि लग्न मोडायला आलं होतं. तिने तिचा तोडगा काढला. "अव, भांडता कायले? बादलीतलीच भरा शिशीत, अन् सांगा पहिल्याची हाय. दोन्ही पाण्यावानीच दिसतेत. त्याले काय समजते?"

गजेंद्र आणि रूपराव दोघांनाही हे एकदमच पटलं, आणि अशा रीतीने उमाटे घराणं पहिल्यांदा एका मताचं झालं. अंकिता सोडून.

"कंपनीत मले सायेब म्हणते, एक आकडा बदलून लिही, माल पास होते. मी नाई लिहीत. तिथं पगार भेटते तरी नाई लिहीत, इथं फुकटात काऊन लिहू? नाई सांगाचं तं नाई म्हणून सांगाचं."

"अन् त्यानं पाट मोडला तं?" नलू जवळजवळ ओरडली. "तेरावा पोरगा कुठून आणू?"

अंकिताला रजत हवा होता. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण घरात कोणी विचारलं नव्हतं. सगळे तिला तो चालतो का एवढंच विचारत. अर्धा तास तो उकळबिंदू ऐकत बसला होता आणि शेवटी म्हणाला होता, मग दोन गोष्टी एकाच वेळी उकळल्या तर काय करता? त्या प्रश्नावर ती आठवडाभर खूश होती. आणि आता तो मुलगा आणि अर्धा पावशेर रंगाचं पाणी एकाच वेळी उकळत होते.

"मी सांगीन भैय्याजीले," ती शेवटी म्हणाली. "मोडाचं असन तं मोडू दे."

"तू कायले सांगतं? आमी मेलो का?" गजेंद्र गडव्याकडे वळला.

गडवा जागेवर नव्हता. अनुसयाबाई निंबाखाली, दगडासमोर उभ्या होत्या, आणि गडव्याचं तोंड खाली होतं. शेवटचा थेंब त्यांनी झटकून काढला.

"तुमचं चालू द्या," त्या म्हणाल्या. "बादली भरत आली. शेवटचं पाणचट सुरू व्हाच्या आधी नळी काढजो, नाई तं ओल्या कुत्र्याचा वास येते."

*

दुसऱ्या दिवशी भैय्याजी दोन क्रूझर भरून आले. गोरेपान, ढेरपोटे, मिशा पिळलेल्या. धाब्याचा मालक कसा असावा तसेच. मागच्या क्रूझरमधून रजतची आई कौशल्याबाई बायकांसोबत उतरल्या. सरबत झालं, पाट मांडले गेले, भटजींनी घड्याळ पाहिलं. आणि मग भैय्याजींनी गजेंद्रच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मधल्या खोलीत नेलं. रूपराव मागोमाग गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"ते आपलं काम झालं का, इवाई?" व्याह्याच्या हक्काने भैय्याजींनी विचारलं.

"झालं म्हणजे? पहिल्या धारेची!" गजेंद्रने शिशी पुढे केली. रात्रभर त्याने हे वाक्य पाठ केलं होतं.

भैय्याजींनी बूच काढलं. शिशी नाकाशी नेली. मग थोडी तळहातावर ओतून दोन्ही हात एकमेकांवर चोळले आणि थांबले.

"हे पहिल्याची नाई हाय."

"आहे," व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष म्हणाले.

"नाई हाय. पहिल्याची अशी चटकन उडते. हातात गारवा भरते. हे मधली हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. "नसन द्याची तं तसं सांगाचं होतं. फसवाचं नाई. सोयरीक जोडून राह्यलो आपण."

आतलं दार उघडलं. अंकिता अर्धवट नेसलेल्या शालूच्या निऱ्या एका हातात धरून उभी होती. मागे नलू तिला खांद्याला धरून ओढत होती, आणि ओढणं कमी पडत होतं.

"मामाजी, बरोबर ओळखलं तुमी. ती मधली हाय. पहिली धार फेकली. आजीनं फेकली, पण तिनं नसती फेकली तं म्या फेकली असती. ती माणसानं प्याची गोष्ट नाई. तुमचा मान ठेवाचा म्हणून तुमाले विष द्याचं, हे मले जमणार नाई. जे मी माह्या बाबाले देत नाई ते तुमालेही देणार नाई. ह्याच्यावरून मोडाचं असन तं मोडा. पण आत्ताच सांगा, पाटावर बसवून मंग नका सांगू."

एवढं बोलून तिने निऱ्या दुसऱ्या हातात घेतल्या.

रूपराव खिडकीबाहेर पाहू लागले. गजेंद्रने शिशीचं बूच लावलं, काढलं, परत लावलं. नलूच्या डोळ्यांपुढून बारा मुलं एका रांगेत निघून गेली. भैय्याजी अंकिताकडे पाहत होते.

बाहेरचं दार ढकलून रजत आत आला. त्याने बहुतेक सगळं ऐकलं असावं. त्याचा चेहरा गोंधळलेला होता.

"प्याले?" तो म्हणाला. "कोणाले प्याले?"

तेवढ्यात त्याच्या मागून, चौकट दोन्ही हातांनी धरत, कौशल्याबाई एक एक पाऊल टाकत आत आल्या.

"भेटली का हो शिशी? आणा इकडं. खाली बसता येत नाई मले पाटाजवळ. चोळतो थोडीशी, हे दोन्ही गुडघे तं आज जीवच घेऊन राह्यले."

"फेकली म्हणे," भैय्याजी म्हणाले.

साक्षगंध अकरा वाजून चाळीस मिनिटांनी लागलं. कौशल्याबाईंना खुर्ची दिली. भैय्याजींनी आयुष्यात दारू चाखलेली नव्हती.